जखम चिघळायच्या आधी कळेल का? एन्झाइम ओळखणाऱ्या पट्ट्या आणि ड्रेसिंग

पॉलिमरवाला

नमस्कार मंडळी. मी पॉलिमरमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागे डायबेटिक फूटच्या (मधुमेहामुळे पायाला होणाऱ्या जखमांच्या) धाग्यावर एका ताईंनी विचारलं होतं की जखमेत इन्फेक्शन शिरतंय हे पू यायच्या आधी कळायचा काही मार्ग आहे का. दोन ओळीत उत्तर देऊन भागण्यासारखं नव्हतं म्हणून वेगळा धागा काढतोय.

आत्ता काय होतं बघा. जखम लाल दिसली, सुजली, गरम लागली, ठणकायला लागली, पू आला की आपण म्हणतो इन्फेक्शन झालं. मग स्वॅब (जखमेवर फिरवलेला कापसाचा बोळा) लॅबला जातो, कल्चर म्हणजे त्यातले जंतू वाढायला एक-दोन दिवस, कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल ते बघायला अजून एखादा दिवस, आणि तोवर डॉक्टर अनुभवाने काहीतरी चालू करतात कारण थांबणं परवडत नाही. उलटही होतं, इन्फेक्शन नसताना 'असू दे सेफ साइडला' म्हणून गोळ्या दिल्या जातात. दोन्हीकडे भुर्दंड रुग्णालाच.

आता गंमत नाही तर खरंच विचार करण्यासारखी गोष्ट ही की शरीराला हे आपल्या डोळ्यांच्या बरंच आधी कळलेलं असतं. जंतू वाढायला लागले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी, मुख्यतः न्यूट्रोफिल, काही तासांत तिथे पोचतात आणि आपल्याजवळची एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रोटीनं) बाहेर सोडतात. त्यातली तीन महत्त्वाची.

पहिलं लायसोझाइम. पेनिसिलिनवाल्या अलेक्झांडर फ्लेमिंगनेच हे १९२२ साली जगापुढे आणलं, म्हणजे पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी, आणि तेही सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातल्या स्रावातून. बॅक्टेरियाच्या बाहेरच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन नावाची जाळी असते, ती हे कापतं. दुसरं इलास्टेज, हे प्रोटीन कापतं, जंतूंचंही आणि जास्त झालं तर आपल्या नव्या भरत आलेल्या मांसाचंही. तिसरं मायलोपेरॉक्सिडेज. हे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मिठातलं क्लोराइड घेऊन हायपोक्लोरस ॲसिड बनवतं, म्हणजे जागेवर जंतुनाशक तयार करतं. या एन्झाइमचा स्वतःचा रंग हिरवा आहे आणि पुवाला जी हिरवट झाक असते त्यात याचा वाटा असतो. (सगळ्या हिरव्याचं कारण हेच असं नाही, सुडोमोनास नावाचा जंतूही हिरवा रंग सोडतो.)

तर कल्पना साधी आहे: या एन्झाइमना कापायला आवडेल असा पदार्थ घ्यायचा, त्याला रंग बांधायचा आणि जखमेच्या पाण्यात सोडायचा. कापलं तर रंग सुटेल.

ऑस्ट्रियात ग्राट्सच्या तंत्रविद्यापीठात आणि नंतर व्हिएन्नात गेऑर्ग ग्युबित्झ यांच्या गटाने यावर बरीच वर्षं काम केलंय. त्यांनी लायसोझाइमसाठी पेप्टिडोग्लायकनच घेतलं आणि त्याला रेमाझॉल ब्रिलियंट ब्लू हा रंग बांधला. आमच्या इचलकरंजीकडच्या लोकांना हे नाव ओळखीचं असेल, सुती कापड रंगवायचा रिॲक्टिव्ह डायच आहे तो. मोठ्या साखळीला बांधलेला रंग पाण्यात विरघळत नाही, एन्झाइमने तुकडे केले की निळे तुकडे पाण्यात उतरतात आणि पाणी निळं होतं. बॅटरी नाही, मशीन नाही. इलास्टेजसाठी चार अमिनो ॲसिडची छोटी साखळी वापरतात, ॲलानिन-ॲलानिन-प्रोलिन-व्हॅलिन, व्हॅलिनच्या पुढे रंगाचा रेणू लावलेला. इलास्टेज बरोब्बर तिथेच कापतं. हीच साखळी पॉलिमरच्या पृष्ठभागावर रोवली की झाली पट्टी. या सगळ्यातून युरोपियन युनियनच्या मदतीने इन्फॅक्ट नावाचा प्रकल्पही झाला, ज्याचा हेतूच जखमेतलं इन्फेक्शन लवकर ओळखणारं मटेरियल बनवणं हा होता.

मला हे इथे मांडावंसं वाटलं कारण आपल्याकडे याची गरज युरोपपेक्षा जास्त आहे असं माझं ठाम मत आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत देशात मधुमेही १०.१ कोटी निघालेत. त्यातल्या कितीजणांच्या पायाची संवेदना गेलेली असते हे इथले डॉक्टर लोक सांगतील. ज्याला ठणकाच लागत नाही त्याला 'ठणका लागला की या' सांगून काय उपयोग.

---

वॉर्डसिस्टर

दादा फार छान लिहिलंय, वाचनखूण साठवली. मी फूट क्लिनिकमध्ये ड्रेसिंगला असते त्यामुळे दोन गोष्टी सांगते.

पहिली, लाली. पुस्तकात लाल म्हणतात ते गोऱ्या कातडीवर. आपल्या सावळ्या, काळ्या पायावर लाली दिसतच नाही हो बऱ्याचदा. दिसतं ते असं की जखमेच्या कडेची कातडी थोडी काळपट-जांभळट होते, ताणल्यासारखी चकाकते, आणि नेहमीच्या सुरकुत्या दिसेनाशा होतात. नवीन मुलींना मी सांगते डोळ्याने बघू नका, ग्लोव्ह घालायच्या आधी हाताची मागची बाजू आधी चांगल्या पायाला लावा मग ह्या पायाला, फरक लगेच कळतो. आमच्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर आहे, दोन्ही पायांच्या त्याच जागी २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक लागोपाठ दोन दिवस आला तर आम्ही चालणं कमी करायला सांगतो आणि बोलावून घेतो. पण हे मुख्यतः जखम व्हायच्या आधीच्या पायाला, एकदा जखम झाली की तिथे थोडं गरम असतंच.

दुसरी, गॉज. पट्टी सोडताना जो गॉज निघतो तो मी कधीच सरळ पिशवीत टाकत नाही, उलटा करून बघते. कडेला पिवळं पाणी वाळलेलं असेल तर ठीक, पण मधोमध ओलसर, हिरवट, बुळबुळीत आणि गोडसर वास आला की मी डॉक्टरांना हाक मारते. पण तोपर्यंत उशीरच झालेला असतो ना. तुमची पट्टी त्याच्या आधी सांगणार असेल तर मला हवीय. मला फक्त एवढं सांगा की ती जखमेवर ठेवायची का बाहेर काढून तपासायची, कारण जखमेवर रंग सुटणार असेल तर पेशंट आणि नातेवाईक दोघंही घाबरतील.

---

शंकेखोर

धागा आवडला पण काही शंका आहेत, राग मानू नका.

न्यूट्रोफिल फक्त इन्फेक्शनलाच येतात असं नाहीये. ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस प्रत्येक स्वच्छ जखमेत ते येतातच, ती भरण्याची पहिली पायरीच आहे. आणि महिनोन्महिने न भरणाऱ्या पायाच्या जखमेत तर ते ठाण मांडून बसलेले असतात, इन्फेक्शन असो नसो. मग तुमची पट्टी कायम निळीच होणार. उलट केमो चालू असलेला पेशंट घ्या, त्याच्या पांढऱ्या पेशीच कमी, त्याच्या जखमेत जंतू माजले तरी एन्झाइम फारसं नसणार, पट्टी म्हणणार सगळं आलबेल. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त धोका त्यालाच चुकीचा दिलासा. हे कसं सोडवलंय?

---

पॉलिमरवाला

राग कसला, हाच खरा प्रश्न आहे आणि या क्षेत्रात काम करणारे सगळे इथेच अडतात.

सिस्टर, आधी तुमचं. दोन्ही प्रकार आहेत. सध्या जास्त भर बाहेर तपासण्यावर आहे म्हणजे स्वॅब किंवा निघालेल्या ड्रेसिंगचं पाणी घेऊन पट्टीवर टाकायचं. जखमेवर राहणाऱ्या प्रकारात रंगाचा थर दोन पडद्यांच्या मध्ये बंद ठेवतात, जखमेचं पाणी आत जातं, रंग बाहेर येत नाही. त्यामुळे जखम रंगायची नाही. पण रंगाचा रेणू आणि त्याचे कापलेले तुकडे जखमेत उतरत नाहीत हे सिद्ध करावं लागतं आणि त्यात वेळ जातो.

शंकेखोर, तुमच्या मुद्द्याला तीन बाजूंनी उत्तर शोधतात. एक, 'आहे का नाही' असं न विचारता 'किती' विचारायचं. इन्फेक्शन झालेल्या जखमेत हे प्रमाण बरंच वर जातं, त्यामुळे रंग किती वेळात किती गडद झाला हे बघायचं. दोन, एकापेक्षा जास्त एन्झाइम एकाच पट्टीवर, कारण तिन्ही एकदम वर जाणं आणि एकच वर जाणं यात फरक आहे. तीन, त्याच जखमेची कालची पट्टी आणि आजची पट्टी शेजारी ठेवायची. मला स्वतःला तिसरा मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो. दोन माणसांच्या जखमा एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही, पण एकाच माणसाची जखम तिच्या स्वतःच्या कालच्याशी ताडली तर बदल बोलतो.

केमोवाल्या रुग्णासाठी मात्र शरीराची एन्झाइम उपयोगाची नाहीत हे मान्यच. तिथे जंतूंची एन्झाइम धरावी लागतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हायल्युरोनिडेज सोडतो, त्याने तो आपल्या पेशींमधला हायल्युरोनिक ॲसिडचा गिलावा विरघळवून पुढे सरकतो. जर्मनीत माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेत त्यावरून हायल्युरोनिक ॲसिडच्या नॅनोकॅप्सूल केल्या आणि आत पॉलीहेक्सानाइड हे जंतुनाशक भरलं, जंतूने स्वतःच्या एन्झाइमने कॅप्सूल फोडली की औषध त्याच्याच अंगावर. जर्मनीतच झीगेनला कायटोसानच्या जेलवर ई. कोलायचं बीटा-ग्लुकुरोनिडेज ओळखायचं काम झालंय. सिंगापूरच्या गटाने २०२१ मध्ये सायन्स ॲडव्हान्सेसमध्ये आणखी वेगळं दाखवलं, डीएनएचंच जेल. स्टॅफचं (म्हणजे वरच्या स्टॅफिलोकॉकसचं) डीएनएज एन्झाइम ते जेल खातं, त्याने विद्युत गुणधर्म बदलतो आणि मोबाइल जवळ नेला की एनएफसीवर (मोबाइलमधली जवळच्या अंतरावर चालणारी बिनतारी सोय) वाचता येतो. उंदरांवर जखम बाहेरून बिघडलेली दिसायच्या आधी त्याने खूण दिली.

पण जंतूंच्या एन्झाइमचा तोटा असा की प्रत्येक जंतूचं वेगळं. डायबेटिक पायात बऱ्याचदा तीन-चार जंतू एकत्र असतात.

---

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये जखमांचीच नर्स आहे, टिश्यू व्हायबिलिटी म्हणतात इथे. पॉलिमरवाला यांनी लिहिलेल्यातलं थोडंफार हाताळलेलं आहे म्हणून भर घालते.

इथे वूंडचेक प्रोटिएज स्टेटस नावाची टेस्ट आली होती. जखमेवर सलाइन टाकायचं, स्वॅब दाबून फिरवायचा, द्रवात बुडवायचा आणि प्रेग्नन्सी टेस्टसारख्या पट्टीवर टाकायचा, पंधरा मिनिटांत रेघ. न्यूट्रोफिलचं इलास्टेज आणि एमएमपी नावाची, तीही प्रोटीन कापणारी, एन्झाइम जास्त आहेत का ते सांगते. पण लक्षात घ्या, ही इन्फेक्शनची टेस्ट नाही, जखम भरायची का अडकून पडलीय याची आहे. हा घोळ आमच्याकडेही होतो. आणि २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही झालेल्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) असं शोधलं की ही टेस्ट करून त्याप्रमाणे उपचार केले तर पायाच्या व्हेनस अल्सर (शिरांमध्ये रक्त तुंबून होणाऱ्या जखमा) लवकर भरतात का, तर त्यावर एकही रँडमाइज्ड चाचणी (चिठ्ठ्या टाकल्यासारखे पेशंटचे गट पाडून केलेली) सापडली नाही. टेस्ट बरोबर सांगते एवढ्यावर भागत नाही हो, टेस्टमुळे पेशंटचं भलं झालं हे दाखवावं लागतं.

दुसरं, बाथ विद्यापीठातल्या टोबी जेन्किन्स यांच्या गटाचं काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी ड्रेसिंगच्या जेलमध्ये चरबीच्या सूक्ष्म पिशव्या ठेवल्या, आत चमकणारा रंग इतका दाटीने की तो चमकतच नाही. रोगट जंतूंनी सोडलेली विषं आणि एन्झाइम त्या पिशव्या फोडतात, रंग पातळ होतो आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली हिरवा चमकतो. त्वचेवरच्या निरुपद्रवी जंतूंनी तसं होत नाही. हे त्यांनी मुख्यतः भाजलेल्या लहान मुलांसाठी केलं. दोन वर्षांच्या मुलाच्या अंगावर गरम चहा सांडला तर त्याला नुसत्या भाजण्यानेही ताप येतो, मग इन्फेक्शन आहे का बघायला ड्रेसिंग काढतात, ते काढताना पोर किंचाळतं, नवी कातडी निघून येते, व्रण राहतो. ड्रेसिंग न उघडता कळलं तर हे सगळं वाचतं. मी त्या वॉर्डात काम केलंय आणि मला दुसरं कुठलं कारण ऐकायची गरज वाटत नाही.

आणि एन्झाइमचं नाही पण सध्या दवाखान्यात खरोखर वापरतात ते म्हणजे जांभळ्या प्रकाशाचा कॅमेरा, मोलेक्युलाइट. बहुतेक जंतूंची पोर्फिरिन (त्यांच्यातली रंगद्रव्यं) त्यात लाल चमकतात, सुडोमोनास निळसर-हिरवा. २०२१ च्या ३५० जखमांच्या अभ्यासात नुसत्या लक्षणांवरून जंतूंचा जास्त भार ओळखायची संवेदनशीलता (खरोखर भार असलेल्या जखमांतल्या किती पकडल्या ते) होती १५ टक्के, कॅमेरा जोडल्यावर ६१. म्हणजे आम्ही अनुभवी म्हणवणारे लोक डोळ्यांनी काय काय सोडून देतो ते बघा.

---

अश्विनी_बार्शी

मूळ प्रश्न त्या धाग्यावर मीच विचारला होता, दादा तुम्ही एवढं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

आमच्या सासूबाईंचं सांगते. शुगर जुनी, पायाला मुंग्या मग बधिरपणा, जोडव्याच्या बोटाला खडा घासून जखम झाली ते त्यांना कळलंच नाही, मोज्याला डाग दिसला तेव्हा कळलं. जवळच्याच एका दवाखान्यात एक दिवसाआड ड्रेसिंग चालू होतं, दर वेळी सांगायचे जखम छान आहे, लाल मांस आलंय. शुगर मात्र अचानक आवरेना, इन्सुलिन वाढवत गेले, कुणी म्हणेना की हे का होतंय. मग एका रात्री थंडी वाजून ताप, पाय घोट्यापर्यंत सुजलेला, सोलापूरला नेलं तर हाडापर्यंत गेलेलं होतं, बोट काढावं लागलं. दुखलं म्हणून त्या एकदाही बोलल्या नाहीत कारण दुखतच नव्हतं. आता दुसऱ्या पायाच्या टाचेला भेग पडलीय आणि मी रोज रात्री टॉर्च लावून बघते.

माझा प्रश्न सरळ आहे. अशी पट्टी आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळते का? आणि एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की लघवी तपासायची दहा खणांची पट्टी येते तीच जखमेच्या पाण्यात बुडवली तरी कळतं. खरं का हे?

---

डॉ_अबक

अश्विनीताई, सासूबाईंना एक गोष्ट सांगून ठेवा आणि तुम्हीही लक्षात ठेवा. कारण नसताना शुगर आवरेनाशी होणं ही बधिर पायातल्या इन्फेक्शनची फार महत्त्वाची खूण आहे. पाय बोलत नाही तेव्हा शुगर बोलते. ती वाढली की पाय उघडून बघायचा, आणि बघणाऱ्याने निर्जंतुक बोथट सळईने जखमेचा तळ चाचपून बघायचा, कडक हाड लागलं तर एक्सरे आणि पुढचं सगळं. हे करायला कुठलीच नवी पट्टी लागत नाही आणि तरीही होत नाही याचं मला वाईट वाटतं.

आता चर्चेबद्दल. आंतरराष्ट्रीय डायबेटिक फूट गटाची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की इन्फेक्शनचं निदान लक्षणांवर करा: सूज किंवा घट्टपणा, जखमेभोवती अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त लाली, दुखणं, गरमपणा, पू, यातली किमान दोन. आणि लक्षणं नसतील तर अँटिबायोटिक देऊ नका. स्वॅबपेक्षा जखम साफ करून तळाचा तुकडा कल्चरला पाठवा, कारण वरवर फिरवलेल्या स्वॅबमध्ये वरचे पाहुणे जंतूच सापडतात. शंका असेल तेव्हा सीआरपी, ईएसआर या शरीरातली जळजळ दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करा.

आता ही पाच लक्षणं घेऊन सासूबाईंकडे बघा. दुखणं नाही, कारण नस मेलेली. लाली दिसत नाही, सिस्टरांनी सांगितलं तसं. रक्तपुरवठा कमी असेल तर गरमपणाही कमी. म्हणजे पाचातली दोन भरेपर्यंत पाणी डोक्यावरून जातं. एन्झाइमच्या पट्टीची जागा मला इथे दिसते, निदान करायला नाही तर 'या रुग्णाला उद्याऐवजी आज नीट बघा' हे सांगायला. ड्रेसिंग करणाऱ्याच्या हातात द्यायची गोष्ट आहे ती, सर्जनच्या नाही. आणि उलट दिशेनेही तेवढीच उपयोगी, सगळी एन्झाइम खाली असतील तर अँटिबायोटिक न देण्याचं धैर्य येईल. आमच्या वॉर्डात क्लेबसिएला आणि सुडोमोनास ज्या औषधांना दाद देत नाहीत त्यांची यादी वाढतच चाललीय, त्यामुळे न दिलेली प्रत्येक अनावश्यक गोळी मला महत्त्वाची वाटते.

---

मायक्रोस्कोप

लॅबवाला आहे, लघवीच्या पट्टीचं मी सांगतो.

व्हॉट्सॲपवालं अगदीच हवेतलं नाहीये. त्या पट्टीवर ल्युकोसाइट म्हणून जो खण असतो तो खरं तर एन्झाइमच ओळखतो, न्यूट्रोफिलचं एस्टरेज. खणात एक एस्टर असतो, एस्टरेजने तो तोडला की त्यातला तुकडा शेजारच्या डायझोनियम मिठाशी जुळतो आणि दोन मिनिटांत खण फिक्या क्रीम रंगावरून जांभळा होतो. म्हणजे पॉलिमरवाला सांगतायत तीच कल्पना, आणि ती आमच्या टेबलावर रोज वापरात आहे. २०११ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला जावेद परवीझी यांच्या गटाने ही साधी पट्टी बदललेल्या गुडघ्यातल्या पाण्यावर वापरून दाखवली, आणि आता कृत्रिम सांध्याचं इन्फेक्शन ठरवायच्या निकषांत तिला जागा आहे.

पण घरी जखमेवर करू नका ताई, कारण सांगतो. एक तर जखमेचं पाणी रक्ताळलेलं असतं आणि रक्ताच्या लालीत जांभळा रंग वाचता येत नाही, आम्ही सांध्याचं पाणी असेल तर आधी सेंट्रिफ्यूज करतो, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून रक्ताच्या पेशी खाली बसवतो. दुसरं, शंकेखोर म्हणाले तसं, न भरणाऱ्या जखमेत पांढऱ्या पेशी असणारच, त्यामुळे खण जांभळा होईल आणि तुम्ही रात्रभर झोपणार नाही. किंवा वाळलेल्या जखमेला पुरेसं पाणी नसेल, खण कोराच राहील आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. दुसरं जास्त वाईट. आणि ती पट्टी निर्जंतुक नसते, जखमेला टेकवायची वस्तूच नाही ती.

---

गोंयकार

+१ सगळ्यांना. आमच्या गोव्यात तर त्याच आयसीएमआरच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यात जास्त. पावसाळ्यात अनवाणी शेतात आणि मासळी बाजारात ओल्या पायाने उभी राहणारी माणसं बघतो तेव्हा वाटतं की पट्टी आली तर ती आधी आरोग्य केंद्रातल्या नर्सकडे आणि आशाताईंकडे यावी. मोठ्या हॉस्पिटलात आली तर ज्यांना हवीय त्यांच्यापर्यंत यायला अजून किती काळ जाईल.

पॉलिमरवाला, पीएचवाल्या (आम्ल की अल्कली ते दाखवणाऱ्या) ड्रेसिंगचं काय? ती स्वस्त पडते असं ऐकलं.

---

पॉलिमरवाला

हो, पीएचचं स्वस्त आहे आणि पुढेही गेलंय. स्वीडनमध्ये लिंशोपिंग विद्यापीठाने २०२३ मध्ये बॅक्टेरियांनी बनवलेल्या नॅनोसेल्युलोजचं ड्रेसिंग दाखवलं, त्यात ब्रोमोथायमॉल ब्लू. निरोगी त्वचेचा पीएच साडेपाचच्या आसपास आम्लधर्मी असतो, जखम बिघडली की सातच्या वर जातो आणि ड्रेसिंग पिवळ्याचं निळं होतं. शाळेत टायट्रेशनला वापरतो तसलाच इंडिकेटर. पण जुनी जखम इन्फेक्शन नसतानाही अल्कलीकडे झुकलेली असू शकते, त्यामुळे नुसत्या पीएचवर मी विसंबणार नाही. पीएच आणि एन्झाइम एकाच पट्टीवर असेल तर मात्र बरंच कळेल.

गोंयकार, नर्स आणि आशाताईंचं अगदी पटलं. म्हणूनच मला मशीन नसलेला, डोळ्याने वाचता येणारा रंग जास्त आवडतो. वर अडचणही तिथेच आहे. आपल्या हवेत पट्टीतली पेप्टाइड आणि पेप्टिडोग्लायकन किती टिकतील, चाळीस अंशाच्या मे महिन्यात फ्रिज नसलेल्या उपकेंद्रात ठेवलेली पट्टी ऑगस्टच्या दमटपणात तोच रंग देईल का, यावर इथल्याच कुणीतरी काम केलं पाहिजे. ग्राट्सची हवा वेगळी.

अजून एक गोष्ट जी पेपरमध्ये कमी आणि प्रत्यक्षात जास्त त्रास देईल. जखमेवर आधीच काय लावलंय. बीटाडीनचा तपकिरी रंग सगळ्या रंगांवर बसतो, शिवाय आयोडीन स्वतः ऑक्सिडायझर आहे, मायलोपेरॉक्सिडेजसाठी ठेवलेला रंग एन्झाइमशिवायच बदलू शकतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतलेल्या जखमेचंही तेच. वॉर्डसिस्टर, तुमच्याकडे पेशंट येतात तेव्हा जखमेवर काय काय लावून आलेले असतात ते सांगाल का? मी आमच्या गटात हे दाखवणार आहे, प्रत्येक गोष्ट पट्टीवर टाकून बघायला पाहिजे.

---

वॉर्डसिस्टर

सांगते ना दादा, लिहून घ्या.

हळद सगळ्यात जास्त, नुसती, तेलातून, तुपातून. ती गॉजला आणि नखात आठवडाभर राहते, धुऊनही पिवळं पाणी निघतं, आणि साबण लागला की लालसर होते. मग जुनं जांभळं औषध, जेन्शन व्हायोलेट, ते लावलं की आम्हालाच कातडीचा रंग कळत नाही. बीटाडीन तर आहेच, दाट थर. भाजलेल्यावर टूथपेस्ट. चुना, तंबाखू आणि चुना एकत्र, रक्त थांबायला म्हणून, तो अल्कली असतो त्यामुळे तुमचं ते पीएचवालं नक्की फसेल. चुलीतली राख. कोरफडीचा गर, मध, खोबरेल. झाडपाल्याचा हिरवा लगदा, त्यात नेमकं काय ते पेशंटला पण माहीत नसतं. मेडिकलमधून आणलेल्या कॅप्सूल फोडून त्यातली पावडर टाकलेली असते, ती लाल-पिवळी असते बऱ्याचदा.

आम्ही आल्या आल्या सलाइनने भरपूर धुतो आणि मगच स्वॅब किंवा तुकडा घेतो. तुमच्या पट्टीसाठी पण धुऊन थोडा वेळ थांबून नवीन पाझरलेलं पाणीच घ्यावं लागेल असं वाटतं. किती वेळ थांबायचं ते तुम्ही तपासून सांगा, कारण ओपीडीत मला एका पेशंटला पंधरा मिनिटांच्या वर बसवता येत नाही.

अश्विनी, टाचेच्या भेगेला रात्री युरियावालं क्रीम लावा, बोटांच्या मध्ये लावू नका, आणि भेगेतून पाणी किंवा रक्त दिसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळीच दाखवा. सासूबाईंची शुगर वहीत लिहिता ना?

---

अश्विनी_बार्शी

हो सिस्टर, वहीत लिहिते, आता शेजारच्या रकान्यात दोन्ही पायांचं तापमानपण लिहायला घेतलंय. इन्फ्रारेड थर्मामीटर करोनातलाच घरात होता.